हुकूम आणि खबर

महालातून गांधी गेटच्या बाहेर पडले की थोड्याच अंतरावर गांधीसागराचे पाणी लागते. जुनी माणसे त्याला अजून जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात, आणि ज्यांच्या घरातील दोन-तीन पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या व भोंग्यावर घरी परतल्या, त्या कुटुंबांत या तलावाचा विषय निघाला म्हणजे शेजारच्या एम्प्रेस मिलचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. गिरणी आता नाही; तिच्या जागेवर मॉल उभा आहे. परंतु ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत त्याने त्या माणसांशी बोलावे कसे, त्यांचे ऐकावे कसे, वरिष्ठांचे म्हणणे खाली आणि खालच्यांचे म्हणणे वर पोचवावे कसे, या प्रश्नाचा विचार नागपुरात करावयाचा तर त्याचा आरंभ या गिरणीपासूनच करणे उचित ठरेल. कारण हजारो माणसांनी एका छपराखाली, एका घड्याळाच्या हुकमतीत आणि ज्याची बोली आपली नव्हे अशा वरिष्ठाच्या देखरेखीखाली रोजचे काम करावयाचे, हा अनुभव या शहराला प्रथम येथेच आला.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, ही गिरणी सुरू केली. तिचे नावही त्यावरूनच पडले. कापूस वऱ्हाड-नागपूरचा, कोळसा वरोऱ्याकडचा, आणि रेल्वे १८६७ पासून दाराशी आलेली, असा तिहेरी योग पाहून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले. त्याहून लक्षणीय त्यांची माणसाची निवड. गिरणीच्या कारभारासाठी त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतले होते. सुताच्या आणि कापडाच्या धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता, आणि यंत्रांची बाजू सांभाळण्यासाठी जेम्स ब्रुक्सबी हा लँकेशरचा तज्ज्ञ वेगळा नेमलेला होता. व्यवस्थापक पारशी, तंत्रज्ञ इंग्रज, आणि साच्यांवर उभी राहणारी माणसे कोष्टी, महार, कुणबी, कोणी नागपुरी बोलणारी तर कोणी हिंदी, असा तो संसार होता. ज्याला यंत्र ठाऊक नाही त्याला ते चालवणाऱ्या माणसाला विचारावेच लागते, आणि विचारण्याची ही सवय पुढे जाणत्या अधिकाऱ्यालाही सुटता कामा नये, असे बेझनजींच्या दीर्घ आणि यशस्वी कारकीर्दीकडे पाहताना मला नेहमी वाटत आले आहे.

गिरणीच्या पहिल्या काळातील मोठी अडचण हजेरीची होती. पेरणी आली, लग्नसराई आली, घरात आजारपण आले की माणसे येईनाशी होत. दंडाचा बडगा उगारणे हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता; परंतु या गिरणीने नियमित हजेरीबद्दल जाहीर समारंभात बक्षिसे वाटण्याचा, १८८६ साली निवृत्तिवेतनाच्या निधीचा, पुढे अपघाताच्या भरपाईचा आणि १९०१ साली भविष्यनिर्वाह निधीचा मार्ग धरला. यातील औदार्याची प्रशंसा पुष्कळांनी केली आहे आणि ती योग्यच आहे. माझे लक्ष मात्र त्यामागच्या एका जाणिवेकडे जाते. कामगार येत नाही याचे कारण त्याचा आळस आहे असे गृहीत न धरता तो का येत नाही याची चौकशी आधी झाली असली पाहिजे, आणि ती झाल्यावाचून असे उपाय सुचणे शक्य नाही.

तथापि व्यवस्थापकाचे शहाणपण आणि साच्यावरच्या माणसाचे आयुष्य यांच्यामध्ये आणखी एक व्यक्ती असे, आणि तिच्याकडे पाहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ती म्हणजे जॉबर. हिंदुस्थानातील बहुतेक गिरण्यांत कामगाराला कामावर घेणे, त्याला काम शिकवणे, त्याच्यावर देखरेख करणे, साहेबाचा हुकूम त्याला समजावून सांगणे आणि त्याची रजा किंवा गाऱ्हाणे साहेबापर्यंत नेणे ही सर्व कामे एका जॉबरच्या हाती होती. एकाच माणसाच्या तोंडून हुकूम खाली उतरावा आणि त्याच माणसाच्या तोंडून तक्रार वर जावी, अशी व्यवस्था झाली म्हणजे तो माणूस दरवाजा न राहता नाकेदार होतो. कामावर घेण्यासाठी दस्तुरी, कामावर ठेवण्यासाठी दस्तुरी, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची झाली तरी ती त्याच्याच हाती देण्याची सक्ती! १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल सादर केलेल्या शाही श्रम आयोगाने, ज्याला अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणतात, या पद्धतीवर सडकून टीका केली, भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्यावी अशी शिफारस केली, आणि प्रत्येक मोठ्या कारखान्यात थेट मुख्य व्यवस्थापकाला जबाबदार असलेला स्वतंत्र श्रम अधिकारी नेमावा असे सुचवले. त्या अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत हे सांगताना आयोगाने सचोटी, माणसे ओळखण्याची हातोटी आणि कामगारांच्या भाषेवरील प्रभुत्व यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. यंत्रज्ञान त्या यादीत नाही.

याच आयोगावरून नागपुरात मोठे वादळ उठले होते. १९२९ च्या अखेरीस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरले, आयोगावर बहिष्कार घालण्याचा ठराव तेथे संमत झाला, आणि स्वतः आयोगाचे सदस्य असलेले ना. म. जोशी यांच्यासह मवाळ पक्ष बाहेर पडला. सरकारने नेमलेल्या माणसांपुढे कामगाराने आपले मन उघडे करावे की नाही, हा त्या फाटाफुटीच्या मुळाशी असलेल्या प्रश्नांपैकी एक होता. आणि तो प्रश्न, लहान आकारात का होईना, आजही प्रत्येक कचेरीत, प्रत्येक कारखान्यात आणि प्रत्येक दुकानात रोज उभा राहतो. आपल्यावर देखरेख करणाऱ्याला खरे सांगावे काय?

पर्यवेक्षकाचे संभाषणकौशल्य वाढवावे म्हणून आज जी शिबिरे भरतात त्यांत बोलण्यावर भर असतो. स्पष्ट बोला, आत्मविश्वासाने बोला, डोळ्याला डोळा देऊन बोला, असे सांगितले जाते. यात खोटे काही नाही; पण ही अर्धीच बाजू आहे आणि माझ्या मते सोपी बाजू आहे. हुकुमाला हुद्द्याचे वजन असते, म्हणून तो स्वतःच्या भाराने खाली जातो. अडखळत दिलेला हुकूमही पाळला जातो. खबरेला असे वजन नसते. तिला पायरी-पायरीने वर चढावे लागते, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याची मर्जी सांभाळण्यासाठी तिचे टोक थोडे बोथट करतो. ‘मशीन बंद पडणार’ ही खालची खबर मधल्या पायरीवर ‘थोडा आवाज येतो आहे’ अशी होते आणि वरच्या टेबलावर ‘काम सुरळीत आहे’ अशी पोचते. पर्यवेक्षकाची खरी कसोटी तो हुकूम कसा देतो यावर नाही, तर त्याच्यापर्यंत खबर किती अविकृत पोचते यावर आहे.

महालातून रोज सकाळी शेकडो माणसे हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. तेथील एखाद्या शेडमध्ये घडणारा प्रसंग पाहा. पंचवीस वर्षे मोटारींच्या सान्निध्यात काढलेला हेल्पर नुकत्याच रुजू झालेल्या पदविकाधारक सुपरवायझरला म्हणतो, ‘‘साहेब, तीन नंबरच्या मोटारीचा आवाज बदलला जी.’’ साहेब मोबाइलवरून मान वर न करता उत्तरतो, ‘‘तू तुझं काम पाहा ना, मेंटेनन्सवाले पाहतील.’’ एवढेच घडते. कोणी रागावले नाही, कोणी शिवी दिली नाही. परंतु त्या एका उत्तरात तीन गोष्टी झालेल्या असतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे झाले, त्याचे ज्ञान ही त्याची चोंबडेगिरी ठरली, आणि पुढच्या वेळी आवाज बदलला तर गप्प राहावे हा धडा त्याला मिळाला. महिन्याभराने बेअरिंग जळते, काम दोन पाळ्या ठप्प होते, आणि चौकशीत सुपरवायझर विचारतो, ‘‘कोणी सांगितलं का नाही?’’ या प्रश्नाचे उत्तर शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

त्याच ठिकाणी ‘‘कोणता आवाज, काका? चला, ऐकू,’’ असे म्हणून तो चार पावले चालला असता, तर आवाजात काही तथ्य न निघताही काही बिघडले नसते. कारण चुकीची खबर आणणाऱ्याचेही आभार मानले गेले की बरोबर खबर आणणारा पुढच्या वेळी बिचकत नाही. नागपूरकडे बोलण्याला ‘जी’ची जोड असते, आणि ती खालून वर जशी सहज जाते तशीच वरून खालीही जाऊ शकते. ‘‘रामभाऊ, तुमचं काय मत आहे जी?’’ असे विचारणारा अधिकारी या शहरात कमी दर्जाचा ठरत नाही. जी कामे आपल्या समाजाने जातीची शिक्षा म्हणून वाटून दिली, त्या कामांवरील माणसांशी बोलताना तर हे भान दुप्पट हवे. तेथे ‘तू’ म्हणणे ही केवळ घाई नसते, त्यामागे शतकांचा इतिहास असतो आणि ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो.

खबरेची वाट अडवली म्हणून खबर नाहीशी होते असे मात्र कोणी समजू नये. ती दुसरी वाट काढते. मुंबईच्या गिरण्यांत हेच घडले. नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेले, म्हणजे मालकाच्या कारभाराची आतली बाजू जाणणारे गृहस्थ. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळच्या वेळी पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या. त्यांतली एकही अशी नव्हती की जी एखाद्या खात्याच्या मुकादमाला आधी ठाऊक नसेल. एप्रिल १८९० मधील मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटी मान्य झाली. ज्या गोष्टी खात्याच्या दाराशी पाच मिनिटांत सांगता आल्या असत्या त्या सांगण्यासाठी मैदान, निवेदन आणि सहा वर्षे लागली. स्वातंत्र्याच्या वर्षी झालेल्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, सरकारने आदेश दिल्यास, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्यसमिती असावी असे ठरवले, आणि कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असता कामा नयेत अशीही तरतूद केली. समोरासमोर बसून बोला, असे सांगण्यासाठी राज्यसंस्थेला कायदा करावा लागला.

आता हुकुमाकडे वळू. तो आपोआप खाली जातो खरा, पण तो जसा दिला तसाच पोचतो असे नाही. महालातील कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी भल्या सकाळी सफाई कामगारांची हजेरी होताना पाहावी. जमादार रजिस्टर उघडतो, नावे घेतो, काम वाटतो. पोळ्याचा दुसरा दिवस आहे, तान्हा पोळा. मारबतीची मिरवणूक निघणार आहे. जमादार म्हणतो, ‘‘आज नाली चांगली साफ करून घ्या.’’ यात कोणती नाली, कोठपासून कोठपर्यंत, किती वाजेच्या आत, काढलेला गाळ कोठे टाकावयाचा आणि आज विशेष काय आहे, यांपैकी एकही गोष्ट नाही. कामगार नाली साफ करतात, नेहमीप्रमाणे गाळ काठावर वाळत ठेवतात, आणि मिरवणुकीची गर्दी तो सगळ्या रस्त्यावर पसरवते. जमादार वैतागतो, त्याला वाटते, माणसे ऐकत नाहीत. वस्तुतः माणसांनी अगदी ऐकले. ‘‘मिरवणूक इकडून जाणार आहे, गर्दीत लहान पोरं असतात, म्हणून चौकाच्या अलीकडची नाली आधी, दहाच्या आत, आणि गाळ आज काठावर नको, थेट गाडीत,’’ एवढे सांगण्यास अर्धे मिनिट पुरते. यांतला ‘म्हणून’ हा सर्वांत मौल्यवान. हेतू कळलेला माणूस, जमादाराने सांगावयाची राहून गेलेली गोष्टही आपल्या अकलेने करतो.

हुकूम दिल्यावर बहुतेक पर्यवेक्षक विचारतात, ‘‘समजलं का?’’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, ‘‘हो जी.’’ ते आदराचे ‘हो’ आहे, आकलनाचे नव्हे. चारचौघांत ‘नाही समजलं’ म्हणणे हा स्वतःचा कमीपणा आणि साहेबाचा अपमान, असे दुहेरी संकट माणसाला वाटते. रेल्वेने या मानवी स्वभावावर फार पूर्वी उपाय काढला. एका स्थानकाचा मास्तर दुसऱ्याकडे गाडीसाठी लाइन क्लियर मागतो तेव्हा ‘ठीक आहे’ या उत्तरावर गाडी सुटत नाही. निरोप उलट म्हणून दाखवावा लागतो, आणि संमतीची खूण म्हणून दिलेला खासगी क्रमांक वहीत नोंदवावा लागतो. नागपूरसारख्या जंक्शनच्या शहरात हे ज्ञान घरोघर आहे. तोच रिवाज कामाच्या जागी चालवावयाचा तर प्रश्न बदलला पाहिजे. ‘‘समजलं का’’ऐवजी ‘‘मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू द्या, तुम्ही सुरुवात कोठून करणार?’’ असे विचारले की परीक्षा ऐकणाऱ्याची न राहता सांगणाऱ्याची होते, आणि माणूस मोकळेपणे बोलतो.

काही वर्षांपूर्वी नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस असलेली घड्याळे बांधली. कोण कोठे आहे, किती वेळ आहे, हे त्यावरून कचेरीतल्या पडद्यावर दिसू लागले. हजेरीतील गैरप्रकार थांबवावेत हा हेतू समजण्याजोगा आहे, आणि करदात्याला तो पटेलही. परंतु घड्याळ एवढेच सांगते की माणूस अमुक गल्लीत उभा आहे. तो तेथे का थांबला, चेंबरचे झाकण फुटले आहे का, हातमोजे संपले आहेत का, हे त्या पडद्यावर उमटत नाही. आणि ज्या क्षणी पर्यवेक्षक पडद्याकडे पाहून माणसाबद्दल निष्कर्ष काढू लागतो त्या क्षणी त्याने आपल्या कामाचा सर्वांत आवश्यक भाग यंत्राला देऊन टाकलेला असतो. सकाळच्या हजेरीची दहा मिनिटे हीच त्याची खरी कचेरी. नाव घेताना मान वर करून पाहणे, काल जो आला नव्हता त्याला ‘‘बरं आहे ना घरी?’’ असे विचारणे, आणि कालच्या तक्रारीचे काय झाले ते आज न विचारता सांगणे, एवढे त्या दहा मिनिटांत बसते.

शिकवण्याच्या बाबतीत तर पर्यवेक्षकाला आयता आराखडा उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेत अननुभवी माणसांची कारखान्यांत एकाएकी भरती झाली, तेव्हा मुकादमांना शिकवण्याची कला शिकवणारा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम निघाला. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या द्वारे तो आपल्याकडेही आला. त्याची पद्धत चार पायऱ्यांची होती. प्रथम माणसाची भीती घालवावी आणि त्याला काय येते ते जाणून घ्यावे. मग काम सावकाश करून दाखवावे आणि त्यातील मर्माच्या जागा सांगाव्यात. नंतर त्याच्या हातून करवून घेऊन त्यालाच कारणे सांगण्यास लावावे. आणि शेवटी त्याला एकटे सोडून मधूनमधून विचारपूस करीत राहावे. आपल्याकडे बहुधा दुसरीच पायरी, तीही घाईने, उरकली जाते आणि ‘‘दाखवलं होतं ना तुला’’ असे म्हणण्याचा हक्क शिकवणारा राखून ठेवतो. त्याच कार्यक्रमात हाताखालच्या माणसांशी संबंध ठेवण्याची काही तत्त्वे होती. त्यांतली दोन मला फार महत्त्वाची वाटतात: माणसाचे काम कसे चालले आहे हे त्याला सांगत राहावे, आणि त्याच्यावर परिणाम करणारा बदल त्याला आधी कळवावा.

पहिल्या तत्त्वाचे गांभीर्य आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात दाखवून दिले आहे. सीमा रस्ते सेवेतील देव दत्त या अभियंत्याला बढती मिळाली नाही. कारण काय, तर १९९३-९४ या वर्षी त्याच्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता आणि बढतीसाठी ‘अत्युत्तम’ हवा होता. शेरा वाईट नव्हता म्हणून तो त्याला कळवलाच नाही. २००८ साली न्यायालयाने निर्णय दिला की वाईट असो वा चांगला, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. न्यायमूर्तींनी हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावर उभे केले. परंतु कचेरीच्या नित्य व्यवहारातही याचा अर्थ खोल आहे. वर्षभर एकाच खोलीत बसणाऱ्या माणसाला आपल्या कामात काय उणे आहे हे मार्चअखेर एका कागदावरून कळावे, किंबहुना कधीच कळू नये, ही त्या माणसाची नव्हे तर त्याच्या वरिष्ठाची उणीव आहे.

कानउघाडणी करावयाची वेळ येतेच. ती टाळणारा पर्यवेक्षक दयाळू नसतो, तो फक्त आपला त्रास पुढे ढकलतो. परंतु ती कोठे, केव्हा आणि कशाबद्दल करावयाची याला महत्त्व आहे. महालातल्या एखाद्या कापडाच्या दुकानात, गादीवर चार गिऱ्हाइके बसलेली असताना, घडी चुकलेल्या लुगड्यावरून मुनीम पोरावर ओरडतो. पोरगा हसून मान खाली घालतो, गिऱ्हाइके अवघडतात, आणि घडी कशी घालावयाची हे कोणालाच कळत नाही. तेच दुपारी, दुकान शांत असताना, त्याला मागे बोलावून, ‘‘ही घडी पाहा, पदर आत गेला, गिऱ्हाइकाला काठ दिसला नाही,’’ असे सांगितले तर कृती कळते आणि माणूस शाबूत राहतो. सरकारी कचेऱ्यांत ‘खुलासा मागवणे’ ही मुळात फार चांगली प्रथा होती: निर्णय देण्यापूर्वी समोरच्याची बाजू ऐकावी. पण तिचा वापर धाक घालण्यापुरता उरला, आणि ‘कारणे दाखवा’ नोटिशीत कारणे ऐकण्याची इच्छा क्वचितच असते. तोंडी विचारून जे पाच मिनिटांत उलगडते त्यासाठी मेमो काढला की त्या क्षणापासून दोन्ही बाजू फाइलसाठी लिहू लागतात आणि एकमेकांशी बोलणे संपते.

बदलाची बातमी आधी देण्याचे तत्त्व तर आज सर्रास पायदळी तुडवले जाते, आणि त्याला निमित्त हातातल्या मोबाइलचे. रात्री अकरा वाजता ग्रुपवर संदेश येतो की उद्यापासून पाळी बदलली, अमुक तमुक विभागात जाईल, सगळ्यांनी अंगठा दाखवावा. सगळे अंगठा दाखवतात. ज्या बाईला सकाळी मुलाला शाळेत सोडावयाचे आहे तिनेही तो दाखवलेला असतो, कारण साठ माणसांच्या देखत आपल्या घरची अडचण कोण मांडणार? १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कामाच्या शर्ती बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावण्याचे बंधन घातले होते. येता-जाता माणसे ती वाचत, एकमेकांना विचारीत, न समजलेले दुसऱ्या दिवशी कचेरीत विचारीत. ग्रुपवरचा संदेश त्याहून वेगवान आहे, पण त्यात विचारण्याला जागा नाही. संदेश पाठवावा, मात्र ज्या दोन-चार माणसांच्या संसारावर त्याचा आघात होणार आहे त्यांना तो आधी प्रत्यक्ष सांगावा. ही कामाची गोष्ट आहे; ती उपकाराची नाही.

नागपूरला या बाबतीत एक मान आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळाचे मुख्यालय नागपुरात राहिले. पुढे दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळाने एक सुंदर कल्पना राबवली: शिक्षण अधिकाऱ्यांनी कामगारांतूनच शिक्षक तयार करावयाचे, आणि त्या कामगार-शिक्षकांनी आपापल्या कारखान्यात जाऊन आपल्याच भाषेत वर्ग घ्यावयाचे. कामगाराला आपले हक्क, आपले कायदे आणि आपली गाऱ्हाणी मांडण्याची रीत त्यातून कळली. मधल्या माणसासाठी, म्हणजे काल साच्यावर उभ्या असलेल्या आणि आज त्याच साच्यांचा मुकादम झालेल्या माणसासाठी, असे काही आवश्यक आहे याची जाणीव मात्र आपल्या उद्योगांना तितकीशी झालेली नाही. उत्तम जोडारी आहे म्हणून त्याला बढती मिळते. वीस जोडाऱ्यांशी बोलावे कसे, हे त्याने रातोरात शिकावे अशी अपेक्षा असते.

त्या माणसाची अवस्था मोठी अवघड असते. कालपर्यंत ज्यांच्या डब्यातला ठेचा खाल्ला त्यांना आज काम सांगावयाचे असते. ज्येष्ठ त्याला नावाने हाक मारतात, बरोबरीचे थट्टा करतात, आणि वरचा साहेब ‘‘आता जरा कडक व्हा’’ असा सल्ला देतो. काही जण एका रात्रीत आवाज चढवतात, काही जण दोस्ती राखण्यासाठी काम सांगणेच सोडून देतात आणि जादा पाळी स्वतःच करतात. अशा नव्या मुकादमाने पहिल्याच दिवशी चहाच्या सुटीत सर्वांना गोळा करून सरळ बोलावे: मला हे काम दिले आहे, तुमच्यातले काही माझ्याहून जास्त जाणता, मी विचारीन, तुम्ही सांगा, रजा मी एकाच वहीत, तारखेप्रमाणे लिहीन आणि वही टेबलावर उघडी राहील, वर जे सांगेन ते तुम्हाला आधी सांगेन. आणि मग ती वही खरोखरच उघडी ठेवावी, पहिल्या आठवड्यात त्याच्या सर्वांत जिवलग मित्राने मागितलेली रजा वहीतल्या क्रमाने नाकारावी लागली तरीही.